मणेरणीचा आवाज

माझ्या हनुवटीवर पहिला राठ केस उगवला तो मला दिसला नाही, गिऱ्हाइकाला दिसला. बांगड्या भरताना मी समोरच्या बाईच्या हाताकडे बघते, आणि तिला दुसरं काही करण्यासारखं नसतं म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघते. दोन्ही हात भरून होईपर्यंत माझे तीळ, वांग, सुरकुत्या सगळ्यांची हजेरी घेऊन झालेली असते. कान्ह्याची एक म्हातारी त्या दिवशी पुढे वाकली आणि म्हणाली, "मणेरणी, तुला दाडी फुटली गं!" आणि इतकी हसली की हातात चढत असलेली बांगडी वाढवली. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत.

मीही हसले. घरी येऊन आरशात पाहिलं तर केस होताच. चिमट्यानं उपटला. आठवडा गेला नाही तोच त्याच्या जागी तीन आले.

मणेर म्हणजे बांगड्या भरणारे मुसलमान. लोणावळ्याच्या बाजारात आमचं लहानसं दुकान होतं. दुकानावर नवरा बसायचा आणि मी टोपली घेऊन गावं फिरायचे. वलवण तर पायाखालचं, पण कामशेत, कान्हे, कधी पार घोरावाडीपर्यंतसुद्धा जायचे. चार इयत्ता शिकले होते, म्हणून आज हे लिहू शकते. आणि लिहिते अशासाठी की माझ्याबद्दल बाकी सगळ्यांचं सांगून झालं आहे. कुणी म्हणतं मी मुळातच बाई नव्हते. कुणी म्हणतं माझ्यावर करणी झाली. एका शहाण्यानं तर मी लष्करातून पळालेला शिपाई आहे आणि लुगडं नेसून लपले आहे, असंही ठरवून टाकलं होतं. चार लेकरांना जन्म दिलेला शिपाई! त्यातली दोन जगली, आणि त्यांची लग्नं मीच लावून दिली.

तर आता माझं ऐका.

दुसरं महायुद्ध चालू होतं. माझं वय चाळिशीच्या आत-बाहेर. तेव्हा माझी पाळी थांबेनाशी झाली. महिन्यातले वीस-बावीस दिवस अंगावरून जायचं. मी सदा काळंजांभळं लुगडं नेसू लागले. कुणाच्या ओसरीवरून उठताना आधी खाली बघायचं, मग टोपली उचलायची, ही सवयच लागली. कामशेतहून कान्ह्याला चालत जाताना बांधावर दोनदा टेकायचे, मग चारदा, मग पाच पावलं गेलं की डोळ्यांपुढं अंधारी. अशोकाच्या सालीचा काढा झाला, ताईत झाला, नणंदेनं माझ्यासाठी दर्ग्यावर केलेले सात शुक्रवार झाले. नखं पांढरी पडली. काचेची बांगडी उचलताना बोटं थरथरू लागली, तेव्हा मात्र मी घाबरले. बोटं गेली म्हणजे मणेरीण गेली.

नवरा मला पुण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या, पण जे बोलायच्या ते डोळ्यांत बघून. त्या म्हणाल्या, "गर्भाशय काढून टाकायला हवं. पण तुमच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. टेबलावरून उठाल याची खात्री मी देत नाही."

"मग?"

"एक नवं औषध आहे. टेस्टोस्टेरॉन म्हणतात. पुरुषाच्या अंगात आपोआप तयार होतं, त्यामुळंच त्याला दाढीमिशा फुटतात. त्याची इंजेक्शनं दिली तर काही बायकांचा रक्तस्राव थांबतो. काहींचा नाही थांबत." त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. "तोंडावर केस येतील. आवाज जाड होईल. डोक्यावरचे केस कमी होतील कदाचित. आवाज एकदा जाड झाला की परत यायचा नाही. हे नीट ऐकून घ्या आणि मग सांगा."

मी नीट ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे पुष्कळांना माझी कीव आली, की बिचारीला कुणी काय टोचलं तिला काय कळणार. मला सगळं कळलं होतं. मी म्हणाले, "केस आले तर उपटीन. आवाजाचं काय, मी गाणारी थोडीच आहे?" तिथंच माझं चुकलं, पण ते पुढे कळलं.

कुणा बड्या घरच्या बाईसाठी मागवलेली औषधाची एक पेटी त्यांच्याकडे उरली होती. ती बाई परगावी निघून गेली होती. ती पेटी त्यांनी मला दिली. काचेच्या नळ्या, आणि आत पिवळसर तेल. इंजेक्शन लोणावळ्याच्या एक नर्सबाई देत. लोणावळ्याच्या थंडीत ते तेल इतकं घट्ट व्हायचं की सुईतून उतरायचं नाही. म्हणून घरून निघताना माझा नवरा एक नळी मुठीत धरायचा आणि नर्सबाईंच्या दारापर्यंत मूठ उघडायचा नाही. रस्त्यात कुणी सलाम केला तर डाव्या हातानं करायचा. मग मी आत आणि तो बाहेर बाकावर.

दुसऱ्या महिन्यात रक्त थांबलं. एका सकाळी उठले तर कोरडी. दुसऱ्या सकाळी कोरडी. तिसऱ्या सकाळी मी पांढरं लुगडं काढलं, नेसले आणि बाजारातून उगाचच एक फेरी मारून आले.

मग भूक लागली. अशी भूक मला गरोदरपणातसुद्धा लागली नव्हती. तीन भाकरी खाऊन उठले की अर्ध्या तासात चौथी आठवायची. दंड भरले, पोटऱ्या घट्ट झाल्या. वलवणचा चढ मी टोपली डोक्यावर घेऊन न थांबता चढू लागले. माझ्याबरोबर चालणाऱ्या बायका मागून ओरडायच्या, "अगं ए, तुझ्यामागं वाघ लागलाय व्हय?" पाठीवर मात्र पोरवयातल्यासारख्या पुटकुळ्या उठल्या, आणि घामाचा वास बदलला. माझंच लुगडं धुताना हे दुसऱ्याच कुणाचं आहे असं वाटायचं.

मनात काय झालं ते सांगणं कठीण आहे, तरी सांगते. पहिली गोष्ट म्हणजे भीड चेपली. रेल्वेच्या फलाटावर एक दारूडा दर बाजारच्या दिवशी बायकांच्या टोपल्यांना पाय लावत जायचा. मी वर्षानुवर्षं टोपली मागे ओढून घ्यायचे. एके दिवशी ओढली नाही. उठून उभी राहिले आणि म्हणाले, "लाव पाय." एवढंच. तो बघत राहिला आणि निघून गेला. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला इतका आनंद झाला, की खरं सांगते, मी एकटीच हसत होते.

पण हा राग काही शहाणा नव्हता. तो मुलांवरही निघायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी सुनेला असं बोलले, की ती दोन दिवस माझ्यापुढे आली नाही. मी तिची माफी मागितली, पण बोललेलं ती विसरली नाही, आणि तिनं का विसरावं? माझ्या रागाचं सगळं खापर मी औषधावर फोडणार नाही. त्यातला पुष्कळसा माझा जुनाच होता, वीस वर्षं टोपली मागे ओढून ओढून साठलेला. औषधानं त्याचं झाकण काढलं.

दुसरी गोष्ट, रडू येईना. नणंद वारली, जिनं माझ्यासाठी ते शुक्रवार केले होते ती. घर बायकांनी भरलेलं, सगळ्या रडतायत, आणि मी कोरड्या डोळ्यांनी बसलेली. दुःख होतं. छातीत मावत नव्हतं इतकं होतं. पण डोळ्यांची वाटच बंद झाल्यासारखी. बायकांनी ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

तिसरी गोष्ट लिहावी की नाही यात माझे दोन दिवस गेले. लिहितेच. मला नवरा हवासा वाटू लागला. चाळिशीच्या बाईला, जिच्या घरात सून आली आहे, तिला भर दुपारी दुकानात बसलेल्या आपल्या नवऱ्याचा हात बघून काही व्हावं, हे मी कुणाला सांगणार? त्याला सांगितलं. तो आधी गोंधळला, मग लाजला, मग खूश झाला. बाकी आमचं आम्हांला.

धंद्यात मात्र पहिला फटका या नव्या ताकदीनंच दिला. बांगडी भरणं हे जोराचं काम नाही. हात दाबायचा असतो तो लोण्याच्या गोळ्यासारखा, अंगठ्याखालचं हाड आत घेत घेत. माझ्या बोटांना आता स्वतःचाच अंदाज येईना. कामशेतच्या वाणिणीचा हात मी असा दाबला की ती किंचाळली. महिनाभर मी घरी सुनेचा हात, शेजारणीचा हात, जो मिळेल तो हात घेऊन नव्यानं शिकले. ज्या कामात वीस वर्षं गेली ते पुन्हा पहिल्यापासून. सून हात पुढे करायची, पण बोलायची नाही. तो हात मी सगळ्यांत जपून धरायचे.

आणि मग आवाज गेला.

गेला म्हणजे बदलला. आधी घसा बसल्यासारखा झाला. मी खडीसाखर चघळत होते. मग एके दिवशी कान्ह्याच्या वेशीत मी नेहमीसारखी हाळी दिली, "बांगड्याऽऽ, हिरव्या बांगड्याऽऽ," आणि तो आवाज ऐकून मीच मागे वळून पाहिलं. गल्लीतली कुत्री धावून आली. ज्या घरातून माझी हाळी ऐकताच पोरी पळत बाहेर यायच्या, त्या घराचं अर्धं दार आतून लागलं. मी दारात जाऊन म्हणाले, "अगं मीच आहे." ते ऐकून उरलेलं अर्धंही लागलं.

महिन्याभरात निम्मी घरं बंद झाली. गंमत अशी की तळेगावहून जो कासार यायचा तो चांगला मिशीवाला बाप्या होता. त्याच्यापुढे सगळ्या लेकीसुना हात करायच्या, त्याला कुणी ना म्हणत नव्हतं, आणि का म्हणावं? तो पुरुष होता, बस. माझ्या वरच्या ओठावर त्याच्या दहाव्या हिश्शाची लव, तर माझ्यापुढे हात करायचा नाही! पुरुष चालतो, बाई चालते, पण बाईला मिशी आली की गावाच्या नाकाला मिरच्या झोंबतात. मी एकीला हे तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "त्यो हाय तसा हाय. तू कोन हायेस त्ये कळंना, म्हून भ्या वाटतंय."

आमच्या लोकांतही कुजबुज होतीच. लग्नघरात बायका आतल्या खोलीत गाणी म्हणायच्या. मी तोंड उघडलं की बाहेरचे पुरुष चमकायचे, आत कोण शिरलं म्हणून. एका वडीलधाऱ्यांनी नवऱ्याला दुकानावर येऊन समजावलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला म्हणाला, "थोडे दिवस बंद करून बघूया का? आवाज उतरेल कदाचित."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते आम्हां दोघांनाही पाठ होतं. तरी मी बंद केलं. अडीच महिने. तोंडावरचे केस थोडे कमी झाले. राग उतरला, डोळ्यांना पाणी आलं, नणंदेसाठी मी मागाहून पोटभर रडले. आवाज होता तसाच राहिला. आणि रक्त परत सुरू झालं. एका दुपारी मी दुकानाच्या पायरीवर पडले. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं नवऱ्याच्या मांडीवर होतं आणि बाजारातली माणसं गोल करून उभी होती. सगळ्यांसमोर तो मोठ्यानं म्हणाला, "बघताय काय? बायको आहे माझी." दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याची गाडी धरली.

डॉक्टरीणबाईंनी खटपट करून आणखी एक पेटी मिळवली. या वेळी डोस लहान होता, मधले दिवस जास्त. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "जो आवाज आहे तो आहेच. मग तो जिवंत बाईचा असलेला बरा." परतताना नवऱ्यानं पेटी मांडीवर धरली होती. घरी पोचल्यावर त्यानं पहिली नळी मुठीत घेतली, आणि त्यानंतर बंद करण्याचं नाव कधी काढलं नाही.

वलवणला एक घर होतं. तिथल्या मुलीला मी ती पाच वर्षांची असताना पहिल्यांदा बांगड्या भरल्या होत्या. बैलगाडीवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं होतं आणि हाड बसवणाऱ्यानं ते तिरकं बसवलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ राहिली. त्या हाताला बांगडी सरळ चढतच नाही. अंगठा आत दुमडायचा, हात किंचित बाहेर फिरवायचा, आणि मग. हे मला जमायचं, कारण तो हात माझ्या हातात वाढला होता. पोर भित्री होती. हात धरला की लाकडासारखा ताठ करायची. ताठ हाताला बांगडी चढत नाही, म्हणून आम्ही मणेरणी बोलत असतो. लोकांना वाटतं आम्ही चहाडखोर. पण गिऱ्हाइकाचं मन बोलण्यात गुंतलं की हात सैल पडतो, आणि त्या एका क्षणात बांगडी आत जाते. तोंड चालल्याशिवाय आमचा हात चालत नाही. आवाजाचं काय एवढं, असं मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले ना, तेव्हा हेच विसरले होते.

त्या पोरीला मी शेळीची गोष्ट सांगायचे. एक शेळी मणेराकडे गेली आणि म्हणाली, मला बांगड्या भर. "सांग बरं, शेळीला किती बांगड्या लागतील?" पोर मोजू लागायची आणि दर वेळी चौदा म्हणायची. चौदा कुठून यायचे देव जाणे! तोवर बांगडी चढलेली असायची. मोठी झाली तरी ती हात पुढे करून आधी "चौदा" म्हणायची, मग हसायची. माझ्या लग्नाचा चुडा तूच भरायचा, हे तिनं मला आठव्या वर्षीच बजावून ठेवलं होतं.

तिचं लग्न ठरलं. त्या घरात तिच्या थोरल्या चुलतीचं चालायचं. चुलतीनं निरोप धाडला, "चुड्याला तळेगावचा कासार सांगितलाय. तू येऊ नगंस." लग्नाच्या घरात माझा आवाज नको, माझं तोंड नको. मी निरोप ऐकला आणि दुकानातल्या हिरव्या बांगड्या पुन्हा रचल्या, ज्या आधीच रचलेल्या होत्या. बाकीची पन्नास घरं गेली तेव्हा मी चिडले होते. त्या एका घरासाठी मला लागलं. ती पोर माझी होती.

हळदीच्या दिवशी सकाळी मुलीची आई स्वतः दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. धाप लागली होती.

"मावशी, चला. कासारानं चार बांगड्या वाढवल्या तिच्या हातावर. रगात आलंय. बाया म्हंत्यात इपरीत झालं. त्यो म्हनतोय ह्या हाताला चुडा चढायचा न्हाई, अन् ग्येला निघून."

मी टोपली उचलली. ती बाई मात्र तिथंच उभी.

"पन जाऊबाई म्हनल्या... तोंडावर पदर घ्यायचा अन् बोलायचं न्हाई. पाव्हनं यायची वेळ झालीया."

टोपली मी खाली ठेवली. माझ्या तोंडापर्यंत काय काय आलं ते लिहीत नाही. नवरा गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होता. ती बाई रडत होती, आणि मला दिसत होता तो तिरका हात, रक्त आलेला. मी म्हणाले, "पदर घेणार नाही, मला दिसायला हवं. बोलणार नाही. चल."

वाटेभर मी स्वतःवर चिडत होते. ज्या आवाजापायी अर्धा मुलूख गमावला, तो चार पायऱ्या चढण्यासाठी गिळायचा कबूल केला.

माजघरात बायकांची दाटी होती. मी शिरले तशी ती आपोआप बाजूला झाली. हनुवटीवरचं सगळं सगळ्यांनी बघून घेतलं. मुलगी पाटावर बसली होती, हातावर हळदीचं फडकं बांधलेलं, डोळे सुजलेले. मी समोर बसले, फडकं सोडलं. काप वरवरचेच होते. डाव्या हाताला बांगड्या बिनबोभाट चढल्या. मग उजवा हात हातात घेतला, अंगठा दुमडला, हात बाहेर फिरवला, पहिली बांगडी सरकवली. ती गाठीपाशी अडकली.

हात लाकूड झाला होता. पाच वर्षांची असताना व्हायचा त्याहून ताठ. मी बोटांनी कुरवाळला, थांबले, पुन्हा सरकवली. बांगडी करकरली. माझ्या बोटांत जोर होता, पुष्कळ होता, आणि आणखी केसभर जोर लावला असता तर पाचवी बांगडी तिच्या हातावर वाढवली असती. सगळं घर बघत होतं. चुलती दाराला टेकून उभी होती. तिच्या ओठांवर लिहिलेलं होतं, की म्या सांगितलंच व्हतं.

बोलल्याशिवाय ही बांगडी चढणार नव्हती. हे त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं, आणि दुसरी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "शेळीला किती बांगड्या लागतील गं?"

आवाज माजघरात घुमला. एक लेकरू रडायला लागलं. चुलती पुढे आली, "आगं, काय ठरलं व्हतं—"

"चौदा," मुलगी म्हणाली.

"चौदा? चार पाय आणि चौदा?"

"व्हय. चौदाच."

"मणेरानंही तिला हेच विचारलं. तेव्हा शेळी काय म्हणाली माहिती आहे? म्हणाली, बाबा, पुढच्या दोन पायांनाच भर. मागचे मला लाथ मारायला लागतात."

हा शेवट मी तिला आधी कधी सांगितला नव्हता. मला तो त्याच क्षणी सुचला. ती खळखळून हसली, तिच्या मागे बसलेल्या दोन पोरी हसल्या, आणि बांगडी गाठीवरून आत गेली. मग दुसरी. मग मी बोलतच राहिले, शेळीचं, बोकडाचं, शेळीच्या सासूचं, माझ्या त्या जाड आवाजात, आणि मोजून सगळ्या बांगड्या चढल्या. एकही वाढवली नाही.

चुडा भरून झाला की नवरी भरणाऱ्याला वाकून नमस्कार करते आणि भरणारा आशीर्वाद देतो. जात-धर्म काहीही असो, तेवढ्यापुरता तो मान आमचा. इतक्यात ओसरीवर गडबड झाली. नवरदेवाकडची माणसं आली होती. चुलती माझ्या कानाशी वाकली. "आशीर्वाद मनातल्या मनात दे. पाव्हनं भाईर बसल्यात. तुज्या पाया पडते."

मुलीनं ते ऐकलं. ती पुढे आली, वाकली, कपाळ माझ्या पायांना लावलं, आणि तशीच राहिली.

"झालं, ऊठ आता," चुलती म्हणाली. ती उठली नाही.

"ऊठ गं पोरी," आई म्हणाली. तरीही नाही. माझ्या पावलांवर तिचे दोन्ही हात, हिरव्यागार बांगड्यांनी भरलेले. मी आशीर्वाद देत नाही तोवर ती उठणार नव्हती, आणि तो तिला ऐकायचा होता.

मग मी दिला. मनातल्या मनात नाही. कान्ह्याच्या वेशीत हाळी द्यायचे तसा, पोटातून. "सुखी राहा! तुझा चुडा वज्राचा होवो!"

बाहेरचा गलका थांबला. ओसरीवरून कुणी एक पाहुणा विचारता झाला, "आत कोन बाप्या हाय वो?"

चुलतीचा चेहरा पडला. मुलगी उभी राहिली, पदर सारखा केला, आणि ज्या घरी तिला जन्म काढायचा होता त्या घरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाप्या न्हाई. माजी मणेरीन हाय."